वाढत्या मुख्यालयासाठी जागेचे नियोजन
नागपुरात सरकारी मुख्यालयासाठी जागा ठरवताना आज हजर असलेली डोकी मोजू नयेत. मंजूर आकृतिबंध, म्हणजे कार्यालयाला मंजूर झालेल्या पदांचा तक्ता, हाती घ्यावा आणि त्यातील रिक्त पदे, कंत्राटी मनुष्यबळ व प्रस्तावित पदे धरूनच सार्वजनिक बांधकाम विभागाकडे मागणी नोंदवावी.

सर्वाधिक काळजी अभिलेख कक्षाची, म्हणजे जुनी कागदपत्रे जतन करण्याच्या खोलीची, घ्यावी, कारण जागा अपुरी पडली की पहिली गदा त्याच्यावरच येते आणि लाल फडक्यात बांधलेले नस्त्यांचे (फायलींचे) गठ्ठे जिन्याखाली, ओल धरलेल्या भिंतीशी जाऊन पडतात, हे मी स्वतः पाहिले आहे. स्थलांतरापूर्वी अभिलेखांचे वर्गीकरण पूर्ण करावे: ‘अ’ वर्ग कायमचा, ‘ब’ ३० वर्षांचा, ‘क’ १० वर्षांचा, ‘ड’ एका वर्षाचा. मुदत संपलेले कागद नियमानुसार नष्ट केल्यानंतरच रॅक मोजावेत. भरलेल्या रॅकचे वजन फार असते, म्हणून हा कक्ष शक्यतो तळमजल्यावर, पण पावसाचे पाणी शिरणार नाही अशा उंचीवर असावा.

मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा पश्चिमेच्या खिडक्यांशी बसून काम करणे अशक्य होते. त्या बाजूला जिना आणि प्रसाधनगृहे ठेवावीत. हिवाळी अधिवेशनासाठी मुंबईहून येणाऱ्या अधिकाऱ्यांकरिता एक कक्ष राखून ठेवावा. आवक-जावक शाखा मात्र प्रवेशद्वाराशीच हवी, आणि तिच्यापर्यंत चाकाची खुर्ची सहज पोहोचली पाहिजे.