वाचलेलं आणि दिसलेलं, एकाच वहीत

वाचून झालं की पुस्तक मिटा, पण लगेच दिवा घालवू नका. वहीत तारीख टाका आणि पुस्तकात न डोकावता जे आठवतंय ते तीन-चार ओळींत लिहा. हे त्याच दिवशी करायचं. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच केलेले स्मरणाचे प्रयोग प्रसिद्ध केले, त्यात सगळ्यात जास्त विसर पहिल्याच दिवशी पडतो असं दिसलं. ‘छान’, ‘आवडलं’ हे शब्द मी वहीत येऊ देत नाही. कुठे थांबलात आणि का, ते लिहा.

उजवं पान मी शेजारपाजारासाठी राखते. परवा एका कथेत दाराची कडी पुन्हापुन्हा तपासणारी म्हातारी भेटली. दुसऱ्या दिवशी समोरच्या आजी कुलूप ओढून चार पायऱ्या उतरल्या, परत वर गेल्या, अंगठ्याने कुलूप दाबून पाहिलं. इतकी वर्षं मला तो वेंधळेपणा वाटायचा. कथेमुळे त्यातलं एकटेपण दिसलं, आणि मला फार वाईट वाटलं. म्हणून आधी फक्त काय घडलं ते लिहा. आपला अर्थ खाली, वेगळ्या ओळीत. नाहीतर आजी हरवतात आणि आपलं मतच उरतं.

शेजाऱ्यांची नावं मात्र लिहू नका. रोज काही जुळत नाही, तेव्हा उजवं पान कोरं सोडा. महिन्याने वही चाळून जुळणाऱ्या नोंदींमध्ये पेन्सिलने बाण काढा. माझ्या वहीत आजींच्या नोंदीपासून आतापर्यंत तीन बाण निघालेत.