दात शिवशिवतात? मग नॅनो टूथपेस्ट घ्या, पण आधी एवढं बघा

पहिली गोष्ट म्हणजे कळ कशी येते ते बघा. गार पाणी लागलं की सणकन कळ जाते आणि लगेच थांबते, तर पेस्टचा उपयोग होण्यासारखा आहे, पण गरम प्यायल्यावर दाढ बराच वेळ ठणकत राहते किंवा रात्री ठणक्याने जाग येते तर पेस्ट शोधत बसू नका, सरळ डेंटिस्टकडे जा, कीड नसेपर्यंत गेलेली असू शकते.

आता हे चालतं कसं? इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कडक आवरण, झिजलं किंवा हिरडी खाली सरकली की आतला थर, म्हणजे डेंटिन, उघडा पडतो, त्यात असंख्य बारीक नळ्या असतात, एकेक साधारण 1-2 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) रुंद, आणि त्यातून गारवा आत नसेला झोंबतो. नॅनो टूथपेस्टमध्ये हायड्रॉक्सीअपॅटाइट नावाच्या खनिजाचे अतिबारीक, म्हणजे नॅनो, कण असतात, ते त्याहून कितीतरी लहान, त्यामुळे ते नळीच्या तोंडात जाऊन बसतात आणि वाट बुजते. मला यातलं सगळ्यात आवडतं ते म्हणजे हा पदार्थ दाताला परका नाहीच, इनॅमल मुळात याच खनिजाचं बनलेलं असतं! जपानमध्ये अशी पेस्ट 1980 पासून मिळतेय.

घेताना पुढच्या मोठ्या अक्षरांवर जाऊ नका, मागची घटकांची यादी वाचा, त्यात हायड्रॉक्सीअपॅटाइट हे नाव हवंच, नुसतं नॅनो लिहिलेलं काही कामाचं नाही. दात लवकर किडत असतील तर फ्लोराइडची (कीड रोखणारी) पेस्ट परस्पर बंद करू नका, आधी डॉक्टरांना विचारा.

ब्रश मऊ घ्या, दोन मिनिटं हलक्या हाताने घासा, आणि मग लगेच खळखळून चूळ भरू नका, फेस नुसता थुंकून टाका. हे बरेच जण चुकवतात, कण दातावर राहिलेच नाहीत तर बसणार कुठे? आंबट काही खाल्लं असेल तर अर्धा तास थांबून घासा. फरक पडायला काही आठवडे लागतात, आणि तरीही नाहीच पडला तर दात तपासून घ्या.

खड्डा पडलेला असेल तर मात्र तो कुठल्याच पेस्टने भरत नाही, फिलिंग लागतंच. तिथे नॅनो कंपोझिट (अतिबारीक कणांचं, दाताच्या रंगाचं फिलिंग) विचारून बघा, कण बारीक असल्याने पॉलिश छान होतं आणि चकाकी टिकते, समोरच्या दातांना तर हेच बरं. भरून झाल्यावर चावून बघा आणि उंच लागलं तर खुर्चीतून उठायच्या आधीच सांगा.