लेकरू परदेशात असेल तर फोनची वेळ कशी ठरवायची

आमची आई लातूरजवळ औशाला असते अन दादा न्यू जर्सीत. आई म्हणायची, "दिवेलागणीला फोन कर बाबा", दोन-तीन महिने जमायचं अन परत चुकामूक. तिकडं तो मीटिंगमधे, इकडं ही मोबाईल मांडीवर घेऊन ओसरीवर, अन व्हॉट्सॲपवर दोन निळ्या टिका दिसल्या की "बघितलं तरी बोलंना झालाय" म्हणून जीव खालीवर. म्हणून हे लिहायलोय.

पहिलं म्हंजे दिवेलागण घड्याळाला बांधलेली नसते. लातूरकडं डिसेंबरात सहाच्या आतच दिवस मावळतो, जूनमधे सात वाजतात. त्यात अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढं करतात अन नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागं, म्हणून दादा हिवाळ्यात आपल्या साडेदहा तास मागं असतो अन उन्हाळ्यात साडेनऊ. म्हंजे बघा, आईची तीच दिवेलागण त्याला डिसेंबरात सकाळी सव्वासात-साडेसातला पडते अन जूनमधे साडेनऊला, ऐन कामात. लेकरू बदललेलं नसतं हो.

तर मोबाईलच्या घड्याळात जागतिक घड्याळ असतं, तिथं अधिकचं चिन्ह दाबून त्याचं शहर टाका (न्यू जर्सीला न्यूयॉर्क टाकलं तरी तोच टाइम). मग वेळ आकड्यात बोला अन कुणाकडची ते पण बोला. "उद्या सकाळी" नुसतं म्हणूच नका. आम्ही शेवटी आपल्याकडचे सकाळचे सात धरले, तवा दादाकडं आदल्या दिवशीची रात्र असते, साडेआठ नाहीतर साडेनऊ, जेवून निवांत बसलेला असतो. जर्मनीत कुणी असेल तर घड्याळ फिरवायच्या तारखा वेगळ्या, मार्च अन ऑक्टोबरचा शेवटचा रविवार.

संकष्टीला आपल्याकडं चंद्र निघाला की सुनेला "सोडला का उपास" विचारायला फोन लावू नका, तिकडं तेव्हा दिवस असतो, तिला तिथलाच चंद्रोदय बघावा लागतो. घाईचं नसेल ते बोलून रेकॉर्ड करून पाठवा, उठल्यावर ऐकतेत.

अन एक केलं ते लई कामाला आलं, देवघराशेजारी दुसरं घड्याळ लावलं, दादाच्या टायमाचं. मार्च-नोव्हेंबरचे ते दोन रविवार कॅलेंडरवर पेनानं गोल करून ठेवलेत. मागच्या नोव्हेंबरात मी विसरलो होतो, आईच स्टूल घेऊन आली, "काटा मागं घ्यायचा ना रे आज?"