नागपुरात पिकअप घेताना आधी हौद्यात काय भरणार ते पक्कं करा

भाऊ, शोरूममध्ये जाऊन "चांगली कोणती" असं विचारू नका, तिथं सगळ्याच चांगल्या असतात. आधी घरी बसून लिहून काढा की महिन्यातले बहुतेक दिवस हौद्यात काय राहणार न किती वजनाचं. सीझनच्या गर्दीसाठी मोठी गाडी घेतली तं बाकी वर्षभर डिझेल जाळत रिकामी फिरते, तेवढ्यापुरती भाड्यानं मिळते की.

काटोलवरून संत्रा कळमन्याच्या मार्केटला आणायचा तं हिशोब बघा. एक कॅरेट 20 किलोचं धरलं तं 60 कॅरेटचे झाले 1200 किलो, वरून ड्रायव्हर, सोबतचा गडी, ताडपत्री, मागून लावलेली जाळी, हे सगळं वजनातच मोजलं जाते न हेच लोक विसरतात. म्हणजे 1.3 टन वजन झेलणारी एकदम काठावर, बोलेरो पिकअपची 1.7 टनवाली नाहीतर टाटाची इंट्रा व्ही 50 बघा. गाडीचं मालासकट एकूण वजन न रिकामं वजन दोन्ही कागदावर असते, वजाबाकी स्वतः करा, किती भरता येते ते कळते. एकूण वजन 3000 किलोच्या आत असलं तं मालाचं परमिटही लागत नाही, म्हणून काही जण मुद्दाम त्याच्या आतली घेतात.

इतवारी, गांधीबागेत माल टाकायचा असला तं छोटा हत्तीच (टाटा एस) बरा, त्या गल्ल्यांत मोठी गाडी वळवून दाखवा मग बोलू. बुटीबोरीला चार कामगार न हत्यारं दोन्ही न्यायचं असेल तं डबल केबिनवाली बोलेरो कॅम्पर.

आता रोजच्या वापराला, घरच्यासाठी म्हणून इसुझूची व्ही-क्रॉस किंवा टोयोटाची हायलक्स घेणारे पण आहेत. खासगी गाडीची पांढरी पाटी, पाच सीट, फोर बाय फोर, रुबाब तं आहेच. पण लांबी सव्वापाच मीटरच्या वर, धरमपेठेत लावणार कुठं? न मागं स्प्रिंगचे पाटे असतात, रिकामी असली की उसळते. घेण्याआधी मागच्या सीटवर आईला बसवून दोन-तीन स्पीड ब्रेकरवरून न्या, काय ते तीच सांगेल.

कामाच्या गाडीचं उलटं करा, टेस्ट ड्राइव्ह रिकामी घेऊच नका, सिमेंटच्या पोत्या टाकून उड्डाणपुलाच्या चढावर थांबवून परत उचलून बघा. न फाळका (हौद्याचं मागचं झाकण) पाडून हौदा जमिनीपासून किती उंच येते ते टेपनं मोजा, हमाल त्यावरूनच कुरकुर करतात.