परत आलेला चौकोन: क्राउडसोर्सिंगमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

मी आखलेला पहिला चौकोन तपासणाऱ्याने परत पाठवला होता. काम सोपं वाटलं होतं: उपग्रहचित्रात दिसणारं प्रत्येक घर रेषांनी आखायचं. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर आपत्तीग्रस्त भागांसाठी असे प्रकल्प चालतात. एक मोठं काम असं अनेक अनोळखी लोकांत वाटून करून घेणं म्हणजे क्राउडसोर्सिंग. मोठ्या प्रदेशाचे लहान चौकोन पाडलेले असतात. त्यातला एक आपण घ्यायचा, आपलं काम होईपर्यंत तो आपल्या नावावर बंद राहतो, आणि पुरा झाला की दुसरं कुणीतरी तो तपासतं. मी दोन तास बसून पुरा केलेल्या चौकोनावर शेरा आला: एकमेकांना चिकटलेली पाच घरं एकाच आकारात घेतली आहेत, आणि उंच इमारतींची छपरं आखली आहेत, पाया नाही.

छपराचा मुद्दा समजायला मला वेळ लागला. चित्र दरवेळी बरोबर डोक्यावरून घेतलेलं नसतं. कॅमेरा तिरका असला की उंच इमारत एका बाजूला कललेली दिसते आणि छप्पर तिच्या खऱ्या जागेपासून सरकतं. म्हणून आधी छपराचा आकार आखायचा, मग तो अख्खा आकार उचलून भिंत जमिनीला टेकते तिथे नेऊन ठेवायचा. पाच घरांचा मुद्दा मात्र ऐकताक्षणी लागला. घरांच्या संख्येवरून तिथे किती माणसं राहत असतील याचा अंदाज बांधला जातो. पाचाचं एक झालं, तर चार कुटुंबं हिशेबातून गळतात.

तेव्हापासून नव्या माणसाला मी पहिल्यांदा हेच सांगते: आपण ‘सबमिट’ केल्यावर कामाचं पुढे काय होतं, ते आधी शोधून काढा. तेच काम आणखी किती जण करतात? मतं जुळली नाहीत तर निर्णय कोण घेतं? आणि शेवटी ते कुणाच्या मालकीचं होतं? क्राउडसोर्सिंगचे सगळे प्रकार या प्रश्नांच्या उत्तरांवरूनच वेगळे ओळखता येतात.

क्राउडसोर्सिंग हा शब्द पत्रकार जेफ हाउ यांनी २००६ साली ‘वायर्ड’ मासिकातल्या लेखातून रूढ केला. पद्धत त्याहून बरीच जुनी आहे. १८७९ साली संपादक जेम्स मरे यांनी ऑक्सफर्डच्या इंग्रजी शब्दकोशासाठी वाचकांना आवाहन केलं, आणि लोकांनी पुस्तकांतली वाक्यं चिठ्ठ्यांवर उतरवून टपालाने पाठवली. इंटरनेटने हा टपालाचा वेळ काढून टाकला. १२ जानेवारी २०१० रोजी हैतीत भूकंप झाला, तेव्हा पोर्ट-ओ-प्रिन्सचा पुरेसा तपशीलवार खुला नकाशा नव्हता. जगभरच्या स्वयंसेवकांनी काही दिवसांत रस्ते आखले आणि बचावपथकांनी तोच नकाशा वापरला.

मी सर्वांत जास्त शिकले ती ‘गॅलेक्सी झू’कडून. जुलै २००७ मध्ये हा प्रकल्प सुरू झाला. दुर्बिणीने टिपलेल्या लाखो आकाशगंगांची चित्रं लोकांपुढे ठेवली आणि विचारलं: ही गोल आहे की सर्पिल? सर्पिल असेल तर कुठल्या दिशेने वळते? पहिल्या वर्षात दीड लाखांहून अधिक माणसांनी ५ कोटींहून अधिक उत्तरं दिली. एकेक आकाशगंगा पुष्कळ जणांना दाखवलेली असल्यामुळे एखाद्याची चूक आपोआप विरून जायची. पण चूक सगळ्यांची एकाच दिशेने असेल तर? घड्याळाच्या काट्यांच्या उलट वळणाऱ्या आकाशगंगा जास्त निघू लागल्या, तेव्हा संशोधकांनी काही चित्रं आरशातल्यासारखी उलटी करून पुन्हा लोकांपुढे ठेवली. विश्वाचाच कल असता तर आकडेही उलटले असते. ते उलटले नाहीत, लोकांनी पुन्हा तीच दिशा जास्त वेळा निवडली. कल माणसाच्या नजरेत होता. संख्या वाढवून तो गेला नसता, त्यासाठी अशी तपासणीच हवी होती. प्रकल्प चांगला चालवणं म्हणजे काय, हे मला या एका प्रयोगाने दाखवलं.

याच प्रकल्पात हॅनी वॅन आर्केल या डच शिक्षिकेला एका आकाशगंगेशेजारी एक विचित्र डाग दिसला. दिलेल्या पर्यायांत त्याला जागा नव्हती. तिने ‘हे काय आहे?’ असं विचारलं आणि खगोलशास्त्रज्ञांना एक नवीन गोष्ट सापडली. ती आज तिच्याच नावाने ओळखली जाते. चौकटीत न बसणारं काही दिसलं तर जवळचा पर्याय टिचकवून पुढे जाऊ नका, चर्चेच्या पानावर विचारा.

मराठीत काम करायचं असेल तर विकिस्रोत, म्हणजे जुन्या पुस्तकांचं ऑनलाइन खुलं ग्रंथालय, ही उत्तम शाळा आहे. जुन्या पुस्तकाचं स्कॅन केलेलं पान एका बाजूला, यंत्राने ओळखलेला मजकूर दुसऱ्या बाजूला. यंत्र ‘घर’चं ‘धर’ करतं, ‘भार’चा ‘मार’ करतं. दोन्ही शब्द मराठीत आहेत, त्यामुळे शुद्धलेखन तपासनीस गप्प बसतो आणि डोळ्यालाच पकडावं लागतं. लाल पान म्हणजे न तपासलेलं, पिवळं म्हणजे एकाने वाचलेलं, हिरवं म्हणजे दुसऱ्याने पडताळलेलं. स्वतः पिवळं केलेलं पान आपल्यालाच हिरवं करता येत नाही, आणि हा नियम फार शहाणपणाचा आहे. पहिल्या आठवड्यात मी ‘नांव’, ‘कांहीं’ यांवरचे अनुस्वार काढून टाकले होते. एका जुन्या संपादकाने ते सगळे परत बसवले आणि लिहिलं, ‘छापलंय तसंच ठेवायचं.’ पुस्तकाचा काळ त्या अनुस्वारांतच असतो.

बोलायला आवडत असेल तर यंत्रांना बोलणं समजावं म्हणून आवाज गोळा करणाऱ्या मोझिलाच्या ‘कॉमन व्हॉइस’वर मराठी वाक्यं वाचून आवाज देता येतो, किंवा दुसऱ्यांचं वाचन ऐकून ते बरोबर आहे का हे सांगता येतं. जमलेल्या आवाजांचा हा संच कुणालाही मुक्तपणे वापरता येतो, हे आवाज देण्याआधी समजून घ्या.

पैसे मिळवून देणारं काम वेगळं. अ‍ॅमेझॉनने २००५ साली सुरू केलेल्या, छोटी छोटी कामं पैसे देऊन लोकांकडून करून घेणाऱ्या ‘मेकॅनिकल टर्क’ या संकेतस्थळाचं नाव अठराव्या शतकातल्या बुद्धिबळ खेळणाऱ्या ‘यंत्रा’वरून आलंय. त्या यंत्राच्या पेटीत माणूस लपलेला असायचा. आजही हुशार वाटणाऱ्या कित्येक प्रणालींमागे चित्रांना नावं देणारी अशीच माणसं आहेत, आणि त्यांची नावं कुठेच येत नाहीत याचं मला मनापासून वाईट वाटतं. अशाच एका ठिकाणी मी तीन दिवस चित्रांवर खुणा केल्या. सगळं काम कारण न देता नाकारलं गेलं, मोबदला शून्य, आणि खुणा मात्र त्यांच्याकडे राहिल्या. आता मी आधी दहाच कामं करते, ती मंजूर होईपर्यंत थांबते, आणि घड्याळ लावून तासाला किती पडतात ते काढते. सूचना वाचण्याचा वेळही त्यात धरा. काम देणाऱ्याबद्दल इतर कामगारांनी काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय हात लावू नका.

बक्षिसांच्या स्पर्धा आणि लोकवर्गणी यांबद्दल थोडक्यातच सांगते. स्पर्धेत बहुतेकांचे श्रम बिनमोबदला जातात, तेव्हा शिकण्यासाठी जायचं असेल तरच जा. किकस्टार्टरसारख्या ठिकाणी ठरलेली रक्कम जमली नाही तर कुणाकडूनच पैसे घेतले जात नाहीत. जमली तरी वस्तू हातात पडेल याची हमी नसते.

गर्दी कधी चुकते, हेही माहीत असायला हवं. १९०६ साली इंग्लंडमधल्या एका जत्रेत लोकांनी बैलाच्या मांसाचं वजन किती भरेल याचे अंदाज चिठ्ठ्यांवर लिहिले. फ्रान्सिस गाल्टन या शास्त्रज्ञांनी ७८७ चिठ्ठ्या तपासल्या. मधला अंदाज १२०७ पौंड निघाला, खरं वजन ११९८. इथे गर्दी जवळजवळ बरोबर ठरली, कारण प्रत्येकाने आपापला अंदाज लिहिला होता. २०१३ मध्ये बॉस्टन मॅरेथॉनमधल्या स्फोटांनंतर लोक ऑनलाइन फोटो पाहून गुन्हेगार शोधू लागले. तिथे प्रत्येकाला आधीच्याचं उत्तर दिसत होतं, अफवेवर अफवा चढत गेली आणि एका निरपराध विद्यार्थ्याचं नाव जगभर पसरलं. कुणी जिवंत माणसाला ओळखायला, शोधायला सांगत असेल, तर त्या कामात शिरू नका. बाकी ठिकाणी इतरांची उत्तरं आधी दिसत असतील तर ती झाकून स्वतःचं लिहा.

सुरुवात एकाच प्रकल्पापासून करा. रोज पंधरा मिनिटंच मिळत असतील तर आकाशगंगा किंवा आवाज. सलग तास-दीड तास निघत असेल तर नकाशा किंवा मुद्रितशोधन, कारण त्यात नजर बसायलाच अर्धा तास जातो. पहिलं काम झालं की दुसरं लगेच घेऊ नका. तपासणाऱ्याचा शेरा येऊ द्या, तो कळला नाही तर त्याच पानावर उलट विचारा, आणि मगच पुढचा चौकोन उघडा.