माळ्यावरचा ४८६ चालू करण्यापूर्वी

माळ्यावर किंवा बंद पडलेल्या छापखान्याच्या कोपऱ्यात पंचवीस-तीस वर्षं पडून असलेला ४८६, म्हणजे त्या काळचा कॉम्प्युटर, सापडला, की पहिला मोह होतो तो वायर लावून बटण दाबण्याचा. तो आवरा. दुरुस्त होऊ शकणारी बरीच मशीनं या पहिल्या करंटनंच कायमची जातात. इथं दिलेला क्रम ३८६ आणि ४८६ च्या असेंबल्ड मशीनसाठी आहे. ब्रँडेड मशीनमध्ये भागांच्या जागा बदलतात, क्रम तोच राहतो.

आधी बॅटरी

कॅबिनेट उघडल्यावर मदरबोर्डवर, बहुधा कीबोर्डच्या गोल सॉकेटजवळ, निळ्या प्लास्टिकात गुंडाळलेली बोटाच्या पेराएवढी बॅटरी दिसेल. ही ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी. घड्याळ आणि सेटिंग्ज टिकवण्यापुरतंच तिचं काम, पण बोर्डाचा सगळ्यात मोठा शत्रू तीच. तिच्यातून झिरपणारं पोटॅशियम हायड्रॉक्साइड तांब्याच्या रेघांवरून हिरव्या लेपाखाली सरकत जातं. आधी सोल्डरची चकाकी जाऊन ते राखाडी पडतं, मग हिरवट-निळी भुकटी जमते, रेघा काळ्या पडतात. कीबोर्ड सांभाळणाऱ्या चिपचे (कीबोर्ड कंट्रोलर आयसी) पाय आणि जवळच्या आयसा स्लॉटच्या, म्हणजे कार्ड बसवायच्या लांब खाचेच्या, पिना सगळ्यात आधी याच्या तडाख्यात सापडतात.

बॅटरी चांगली दिसत असली तरी कटरनं पाय तोडून काढून टाका. हातमोजे घाला, डोळ्यांना चष्मा हवा. कॅडमियम विषारी आहे, म्हणून ती घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचऱ्यात द्या.

आता सफाई. गाडीच्या बॅटरीच्या सवयीनं अनेक जण इथं खायचा सोडा लावतात. तिथं आम्ल असतं म्हणून सोडा चालतो. इथं गळलेला पदार्थ अल्कली आहे, त्यामुळे लागतं ते व्हिनेगर. स्वयंपाकघरातलं पांढरं व्हिनेगर कापसाच्या काडीनं लावा, थोडा फेस येईल. जुन्या टूथब्रशनं हलकं घासा, पाचेक मिनिटांनी डिस्टिल्ड वॉटरनं धुवा. गाडीच्या बॅटरीत भरायला मिळतं तेच पाणी चालतं. व्हिनेगर मागे राहिलं तर तेही तांबं खातं, म्हणून धुण्यात कंजुषी नको. शेवटी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवून बोर्ड पंख्याखाली दिवसभर सुकवा. पावसाळ्यात दोन दिवस.

काळी पडलेली रेघ १००० नंबरच्या पॉलिश पेपरनं हलकी घासून उघडी करा आणि मल्टिमीटर बझरवर ठेवून दोन्ही टोकं तपासा. रेघ शाबूत दिसते आणि तरी करंट जात नाही, असं झालं तर बोर्डाच्या एका बाजूची रेघ दुसऱ्या बाजूला नेणारी बारीक भोकं बघा. आतला मुलामा गेलेला असतो. तुटलेली जोडणी ३० गेजच्या वायरनं करा. उघडं राहिलेलं तांबं झाकायला पारदर्शक नेलपॉलिश पुरतं.

नवी बॅटरी बोर्डाला चिकटवू नका. बहुतेक बोर्डांवर बाहेरच्या बॅटरीसाठी चार पिनांची जागा असते. साधारणपणे पहिली पिन प्लस आणि चौथी मायनस, तर दुसऱ्या-तिसऱ्या पिनेवर आतल्या बॅटरीचा जंपर, म्हणजे दोन पिना जोडणारी छोटी टोपी. तरी चौथी पिन खरोखर ग्राउंडला जाते का, हे मीटरवर बघूनच जोडा. जंपर काढून टाका, तीन एए सेलचा होल्डर लावा आणि प्लसच्या वायरीत १एन४१४८ डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग) घाला. ४.५ मधून ०.६ गेले की साधारण ३.९ व्होल्ट उरतात, ते चालतात. होल्डर वायरीनं लांब, कॅबिनेटच्या पत्र्यावर बसवा. जुन्या बॅटरीच्याच जागी सीआर २०३२ थेट लावणं ही नेहमीची चूक: तिथं चार्जिंग सर्किट असतं आणि चार्ज न होणारा लिथियम सेल त्यावर फुटू शकतो.

काही बोर्डांवर बॅटरी दिसतच नाही, त्याऐवजी डलास कंपनीचा डीएस १२८७ हा जाडजूड काळा चौकोन असतो. सेल त्याच्या पोटात असतो. १६ आणि २० नंबरच्या पिनांवरचं प्लास्टिक बाजूनं जपून खरवडायचं, आतल्या सेलची जोडणी तोडायची आणि बाहेरचा ३ व्होल्टचा सेल जोडायचा, २० ला प्लस आणि १६ ला मायनस. नवख्यानं सॉकेट बसवून नवा आयसी घेतलेला बरा.

पॉवर सप्लाय

मागच्या बाजूला ११५/२३० चं लाल बटण असेल तर ते २३० वर आहे ना, बघा. ११५ वर राहिलं तर सप्लायच्या आत व्होल्टेज दुप्पट करणारं सर्किट लागतं आणि २०० व्होल्टचे दोन मोठे कॅपॅसिटर तोफेसारखे फुटतात.

या जुन्या मशीनमध्ये पुढच्या बटणापर्यंत थेट २३० व्होल्ट येतात. बटणाला चार वायरी असतात: बहुधा तपकिरी, निळी, काळी आणि पांढरी. उलटसुलट लावल्या तर बटण दाबताच मेन्स शॉर्ट होतो, त्यामुळे सोडवण्याआधी फोटो काढा. क्लिपांवरचं इन्सुलेशन कडक होऊन तडकलं असेल तर बदला.

सप्लायचं खोकं उघडायचं असेल तर प्लग काढल्यावरही मोठ्या कॅपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर चार्ज राहू शकतो, हे ध्यानात ठेवा. मीटरनं मोजल्याशिवाय आत बोट नाही. हाताला सवय नसेल तर हे काम टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडे द्या, त्यात कमीपणा नाही. मेन्सच्या तोंडाशी पारदर्शक पिवळट खोक्याचा कागदी कॅपॅसिटर असेल आणि त्याला बारीक तडे दिसत असतील, तर तो आज ना उद्या धूर सोडणारच. तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, २७५ व्होल्ट एसीचा एक्स२ वर्गातला पॉलिप्रोपिलीन कॅपॅसिटर लावा.

मदरबोर्ड जोडण्याआधी सप्लाय एकटा तपासायचा, पण रिकामा नाही. लोड नसेल तर असे सप्लाय सुरूच होत नाहीत किंवा भलतं व्होल्टेज देतात. भंगारातली हार्ड डिस्क लावा, शिवाय लाल आणि काळ्या वायरीत ५ ओहम १० वॅटचा रेझिस्टर. तो तापतो, टेबलावर टेकवू नका. लाल वायरीवर ४.७५ ते ५.२५ आणि पिवळीवर ११.४ ते १२.६ व्होल्ट यायला हवेत. नारिंगी वायर ‘पॉवर गुड’ची, तिच्यावर ५ च्या आसपास व्होल्टेज नसेल तर बोर्ड रीसेटमध्येच अडकून राहतो, आणि आपण उगाच प्रोसेसरला दोष देत बसतो.

बोर्डाला जाणारे दोन सहा-सहा वायरींचे कनेक्टर पी८ आणि पी९. ते अदलाबदलीनंही बसतात, हीच त्यांची मेख. शेजारी लावल्यावर दोन्हींच्या काळ्या वायरी मधोमध एकत्र आल्या पाहिजेत. उलटं बसवून चालू केलं तर बोर्ड गेला म्हणून समजा.

त्याआधी एक मोजणी. सप्लाय न जोडता बोर्डाच्या पॉवर पिनांवर प्रत्येक व्होल्टेजची पिन आणि ग्राउंड यांच्यातला रेझिस्टन्स बघा. शून्याजवळ आला तर एखादा टँटलम कॅपॅसिटर शॉर्ट आहे. हे थेंबाच्या आकाराचे पिवळे किंवा निळे कॅपॅसिटर १२ व्होल्टच्या लाइनवर १६ व्होल्टचेच बसवलेले असतात आणि चालू करताच फटाक्यासारखे उडतात. १० मायक्रोफॅरडच्या जागी तेवढाच, पण २५ किंवा ३५ व्होल्टचा लावा. टँटलमवरची पट्टी प्लसची असते आणि साध्या इलेक्ट्रोलिटिकवरची मायनसची. इथं भलेभले फसतात.

पहिली सुरुवात

बोर्ड, प्रोसेसर, रॅम, डिस्प्ले कार्ड आणि स्पीकर, एवढंच जोडा. स्पीकर विसरू नका, मशीनला बोलायला तेवढंच तोंड आहे. ३० पिनांची सिम रॅम (मेमरीची पट्टी) ३८६डीएक्स आणि ४८६ ला चार-चारच्या संचात लागते, ७२ पिनांची ४८६ ला एकही चालते. सिम काढताना सॉकेटच्या प्लास्टिकच्या कड्या नखानं बाहेर ढकला. जुनं प्लास्टिक बिस्किटासारखं मोडतं.

एएमआय कंपनीचा बायोस (मशीन सुरू करणारा, बोर्डावरच्या चिपमधला प्रोग्राम) असेल तर तीन बीप म्हणजे पहिल्या ६४ केबी रॅममध्ये दोष, सहा म्हणजे कीबोर्ड कंट्रोलर (बॅटरी गळलेल्या बोर्डांची खास तक्रार), आठ म्हणजे डिस्प्ले कार्डची मेमरी. बीपच नाही आणि स्क्रीन काळी, तर आयसा स्लॉटमध्ये पोस्ट कार्ड, म्हणजे दोषाचा कोड आकड्यात दाखवणारं तपासणी कार्ड, लावा. ते उलटं बसवू नका, जळतं. स्क्रीन आली पण कीबोर्ड एरर येत असेल, तर कीबोर्डच्या पोटाशी एक्सटी/एटी असं बटण आहे का बघा, ते एटीवर हवं.

हार्ड डिस्क: आधी प्रत, मग बाकी

बायोसमध्ये डिस्कचा प्रकार ४७ निवडून सिलिंडर, हेड आणि सेक्टर हाताने भरावे लागतात. आकडे डिस्कच्या लेबलवर असतात. जुन्या बायोसची मर्यादा १०२४, १६ आणि ६३, म्हणजे ५०४ एमबी. पण डिस्क फिरतेय म्हणून लगेच वापरायला घेऊ नका. आयडीई पोर्ट (जुन्या हार्ड डिस्कची पट्टी-केबल लावायची जागा) असलेल्या पेन्टियम ४ वगैरे मशीनवर लिनक्समधून डीडीरेस्क्यू या खराब डिस्क वाचणाऱ्या प्रोग्रामनं तिची पूर्ण प्रत काढा. बाजारातले यूएसबी अॅडॉप्टर अशा डिस्कना बऱ्याचदा ओळखतच नाहीत, कारण फार जुन्या डिस्कना एलबीए पद्धत (सेक्टरना सरळ ओळीनं क्रमांक देण्याची) येत नाही. डिस्क फिरतच नसेल तर ती हातात आडवी धरून, आतली तबकडी फिरते त्याच पातळीत मनगटानं झटका द्या; चिकटलेलं हेड कधीकधी सुटतं. रोजच्या वापरासाठी आयडीई अॅडॉप्टरवर कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड लावा आणि मूळ डिस्क जपून ठेवा.

आपल्याकडच्या हवेत फ्लॉपीवर बुरशी हमखास येते. धातूची झडप सरकवून उजेडात बघा. पांढरट ठिपके दिसले तर ती ड्राइव्हमध्ये घालू नका. हेड घाण होतं आणि पुढच्या चांगल्या फ्लॉपीलाही ओरखडे पडतात.

डिस्कवर मराठी मजकूर असेल तर फाइलींसोबत फॉन्टही उचला. विंडोज ३.१ मध्ये ते विंडोज फोल्डरमधल्या सिस्टिममध्ये असतात, विंडोज ९५ मध्ये फॉन्ट्समध्ये. त्या काळचा डीटीपीचा (छपाईसाठी कॉम्प्युटरवर जुळवलेला) मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सर्वमान्य अक्षर-कोडमध्ये, नाही. मूळ फॉन्ट नसेल तर पानंच्या पानं रोमन अक्षरांचा काला दिसतो आणि कोणता कन्व्हर्टर लावायचा तेही कळत नाही. आयसा स्लॉटमध्ये सी-डॅकचं जिस्ट कार्ड (डॉसवर भारतीय लिप्या दाखवणारं) निघालं तर ते भंगारात देऊ नका. त्या मशीनवरच्या डॉसच्या फाइली इस्की या भारतीय लिप्यांच्या जुन्या कोडमध्ये असण्याची शक्यता दाट असते. त्यांचं रूपांतर करण्याआधी कार्ड परत बसवून एखादं पान मूळ रूपात पडद्यावर उघडा आणि फोटो काढून ठेवा, म्हणजे रूपांतरात जोडाक्षरं कुठं बिघडली ते ताडून बघता येतं.