वस्तीचा प्रश्न ग्रामसभेच्या ठरावापर्यंत कसा न्यावा

ग्रामसभेत कुणीतरी उठून सांगतो की आमच्या आळीत रात्री अंधार असतो आणि गटार तुंबलेले आहे; सरपंच "करून घेऊ" म्हणतात आणि पुढचा विषय सुरू होतो. काही महिन्यांनी प्रोसिडिंग (सभेच्या इतिवृत्ताची वही) उघडून पाहिले, तर तिथे "दिवाबत्ती व गटारीबाबत चर्चा झाली" एवढीच ओळ सापडते. आमच्या वस्तीच्या गटारीबाबत असे दोनदा झाले, आणि चर्चेसाठी कुठल्याही निधीतून पैसे निघत नाहीत, हे तेव्हा उमगले. म्हणून तक्रार कशी मांडावी यापेक्षा ठराव कसा लिहून घ्यावा, याकडे अधिक लक्ष द्यावे.

सभेला जाण्यापूर्वी आपला प्रश्न नेमका कुणाच्या अखत्यारीतला आहे, याची खात्री करावी. गावातल्या दिव्यांची देखभाल ग्रामपंचायत करते, पण वाकलेला खांब किंवा लोंबणारी तार हा महावितरणचा विषय आहे, आणि त्यासाठी सभेची वाट न पाहता १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवणे शहाणपणाचे असते. शाळेसमोरचा रस्ता जिल्हा परिषदेचा किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाचा असेल, तर तिथे ग्रामपंचायतीला परस्पर गतिरोधक घालता येत नाही. अशा वेळी ठराव मागणीच्या रूपात त्या खात्याकडे पाठवावा लागतो. याउलट गटार, सांडपाणी, कचरा आणि कठडा नसलेली सार्वजनिक विहीर हे विषय थेट ग्रामपंचायतीच्या दारातले आहेत.

त्यानंतर लेखी अर्ज द्यावा. ग्रामसभेची नोटीस सर्वसाधारणपणे सात दिवस आधी निघते, त्यामुळे आपला विषय विषयपत्रिकेवर यावा असे वाटत असेल, तर अर्ज त्याही आधी ग्रामसेवकांकडे (२०२४ पासून त्यांचे पदनाम ग्रामपंचायत अधिकारी असे झाले आहे) पोहोचला पाहिजे आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख व सही घेतली पाहिजे. "ऐनवेळचे विषय" या सदरात मांडलेला प्रश्न ऐकून घेतला जातो, पण तोवर निम्मी सभा घरी गेलेली असते. नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आहे आणि तिचा उपयोग फार कमी जण करतात. अंधारा रस्ता, शौचालयाची वाट, पाणवठ्याकडची घसरण हे विषय आधी तिथे मंजूर करून घेतले, तर मुख्य सभेत त्यांना बाजूला सारणे अवघड जाते.

ठरावाच्या भाषेकडे मात्र बारकाईने पाहावे. "गावात दिवाबत्तीची सोय करण्यात यावी" या वाक्यावर कुणाचाच आक्षेप नसतो आणि त्यातून कुणावर कसलेही बंधनही येत नाही. त्याऐवजी असे लिहून आणावे: "अंगणवाडी ते मारुती मंदिर या रस्त्यावरील पाच खांबांवर एलईडी दिवे बसवण्याचे काम अबंधित निधीतून चालू आर्थिक वर्षात करण्यास ही सभा मंजुरी देत आहे." जागा, संख्या, निधी (अबंधित म्हणजे ठरावीक कामासाठी राखून न ठेवलेला) आणि मुदत या चार गोष्टी त्यात आल्या, की पुढे विचारणा करायला आधार मिळतो. सूचक आणि अनुमोदक आधीच ठरवून ठेवावेत, आणि दोघेही एकाच भावकीतले नसतील तर अधिक बरे.

निधीचे नाव घालायचे, तर तो कुठून येतो हे ठाऊक हवे. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२२ ते २०२५-२६ या काळातल्या अनुदानात ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छतेसाठी बंधित आणि ४० टक्के अबंधित होती. गटार व घनकचरा बंधित हिश्श्यात बसत, तर दिव्यांसाठी अबंधित रक्कम किंवा ग्रामपंचायतीचे स्वतःचे उत्पन्न पाहावे लागे. आपल्या ग्रामपंचायतीकडे चालू वर्षी कोणत्या शीर्षाखाली किती रक्कम आहे, हे ग्रामसेवकांना सभेपूर्वीच विचारून घ्यावे. पुढच्या वर्षाच्या विकास आराखड्याची तयारी साधारणपणे २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते. मोठे काम त्याच सभेत मांडावे, कारण आराखड्यात नसलेल्या कामाला नंतर पैसे मिळणे कठीण असते.

सभेच्या दिवशी गणपूर्तीचा प्रश्न येतो. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल, तेवढे लोक हजर असावे लागतात, अन्यथा सभा तहकूब होते. तेव्हा आपल्या वस्तीतली वीस-पंचवीस माणसे सोबत नेणे हेही तयारीचेच काम आहे. हजेरीच्या वहीत सही करताना वरचा मजकूर वाचावा. कोऱ्या पानावर घेतलेल्या सह्या नंतर भलत्याच ठरावाखाली दिसल्याच्या कहाण्या बऱ्याच गावांत ऐकू येतात. आपला ठराव वहीत लिहिला जात असताना तो मोठ्याने वाचून दाखवण्याची विनंती करावी. ती नम्रपणे केली, तर सहसा कुणी नाकारत नाही.

आठवडाभरात ठरावाची प्रत मागावी. टाळाटाळ झाली, तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये दहा रुपये शुल्क भरून अर्ज करावा. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते आणि त्यानंतर प्रथम अपील करता येते. अर्जात "काम का झाले नाही" असे विचारू नये, कारण कारणमीमांसा करणारे उत्तर बहुधा मिळत नाही. त्याऐवजी ठरावाची प्रत, ग्रामपंचायतीच्या मासिक सभेत त्यावर झालेल्या निर्णयाची प्रत आणि त्या कामाच्या अंदाजपत्रकाची प्रत मागावी. ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर गावाचा आराखडा आणि झालेला खर्च दोन्ही पाहता येतात. तिथे आपल्या गटारीचे काम पूर्ण झाल्याचे दिसत असेल आणि दारात पाणी साचलेलेच असेल, तर त्या पानाची छापील प्रत व साचलेल्या पाण्याचे तारखेसह छायाचित्र जोडून गटविकास अधिकाऱ्यांना अर्ज द्यावा.